बाहुली सताड उघडी

शुगरचे डॉक्टर दर वेळी चिठ्ठीच्या तळाशी एकच ओळ लिहायचे, ‘डोळ्यांचा पडदा तपासून घेणे’, आणि मी ती चिठ्ठी मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनच्या डबीखाली सारून द्यायची. असं तीन वर्षं चाललं. भीती वगैरे काही नव्हती. मी सांगलीत कापड पेठेमागच्या एका बोळात ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, आणि त्या तपासणीसाठी डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातले की अर्धा दिवस जवळचं दिसत नाही, एवढं समोरच्या काकूंनी सांगून ठेवलं होतं. माझं सगळंच काम जवळचं. सुईचं नेढं, हुकाचा टाका, टेपवरचा पाव इंच. लग्नसराईत अर्धा दिवस घालवायचा म्हणजे गिऱ्हाइकाच्या शिव्या खायच्या, आणि लग्नसराई नसते तेव्हा सणवार असतात.

शिवाय डोळे तर मी तपासत होते की. दर दोन वर्षांनी चष्म्याच्या दुकानात जायचं, त्या कॉम्प्युटरला डोळा लावायचा, आत एक लांबलचक रस्ता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा दिसतो तो बघायचा, मग फळ्यावरची अक्षरं वाचायची. उणे पावणेतीन, दोन्ही डोळ्यांना. दुकानदार म्हणायचा, “ताई, डोळे एकदम ओके.” मी ते शब्दशः धरून चालले होते. तो खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. त्याने नंबर बघितला, नंबर ओके होता. पडदा बघायचं साधनच त्याच्याकडे नव्हतं, आणि नंबर वेगळा, पडदा वेगळा, हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग आमच्या गल्लीतल्या एका मावशींच्या डोळ्यात सकाळी चहा गाळताना अचानक काळं जाळं उतरलं. पडद्यावर रक्त झालं होतं. आदल्या दिवसापर्यंत त्या तांदूळ निवडत होत्या, काहीही त्रास नव्हता. त्यांना शुगर माझ्यापेक्षा जुनी, पण चिठ्ठीवरची ओळ तीच. मी ड्रॉवर उघडून चिठ्ठी काढली आणि विश्रामबागेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला. किती वेळ लागेल विचारलं. “दीड-दोन तास.” तेवढंच बोलणं झालं.

दवाखान्यात काउंटरमागे कागद चिकटवलेला होता: ‘थेंब घातल्यावर वाहन चालवू नये. सोबत एक माणूस आणावे.’ हा कागद वाचायला मिळतो तोवर माणूस स्कूटी पार्किंगला लावून आलेला असतो. फोनवर हे एक वाक्य सांगायला काय जातं, मला अजून कळलेलं नाही. “मग उद्या येऊ का?” म्हटलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “गाडी राहू दे की इथंच.” उद्यावर टाकलं असतं तर उद्याही आले नसते, हे मला माहीत होतं. बसले.

आधी फळ्यावरची अक्षरं झाली. मग डोळ्यातला दाब. हनुवटी टेकवायची, पुढे बघायचं, आणि पापणी मिटायच्या आत डोळ्यावर हवेचा फुस्कारा येतो. पहिल्या वेळी मी खुर्चीसकट मागे गेले. 14 आणि 16 आलं. 10 ते 21 मध्ये असलं की चालतं, असं सिस्टर म्हणाल्या. मग डॉक्टर मॅडमनी अंधारात उजेडाची एक बारीक फट डोळ्यावर आडवी-तिरकी फिरवून पाहिली. मला वाटलं हीच तपासणी, झालं, सुटलो. पण ती थेंब घालायचे की नाहीत हे ठरवायची तपासणी होती. काहींच्या डोळ्यात पुढची जागा मुळातच अरुंद असते. तिथे बाहुली मोठी केली की आतल्या पाण्याची निघून जायची वाट बुजते आणि दाब एकदम चढतो. म्हणून आधी जागा बघतात. आणि विचारतातही: बीपी आहे का, हृदयाचं काही, घरात कुणाला काचबिंदू?

पहिला थेंब न्हाताना शिकेकाईचं पाणी डोळ्यात जावं तसा झोंबला. “डोळे मिटा, आणि इथं दाबून धरा,” सिस्टरनी माझं बोट धरून नाकाजवळच्या कोपऱ्यावर ठेवलं. तिथून औषध नाकात आणि घशात उतरतं. डाव्या बाजूला माझं बोट सरकलं असणार, कारण थोड्या वेळाने घशात कडू चव आली. दहा मिनिटांनी दुसरा थेंब, आणखी दहा मिनिटांनी तिसरा.

बाहेरच्या हॉलमध्ये आम्ही दहा-बाराजण डोळे मिटून, माना मागे टाकून भिंतीला टेकलेलो. बसस्टँडवर रात्रीची गाडी चुकलेली माणसं बसतात तसे. कुणी कुणाला बघत नव्हतं, त्यामुळे बोलणं मात्र मोकळं चाललं होतं. शेजारच्या आजोबांचं बीपी 180 भरलं, तर त्यांच्यासाठी सिस्टरनी बाटली बदलली. आमच्या बाटलीत दोन औषधं एकत्र होती, ट्रोपिकामाइड आणि फिनाइलेफ्रिन. त्यातलं दुसरं बीपी वाढवू शकतं, म्हणून त्यांना नुसतं पहिलं. मग सिस्टरनी त्यांच्या कानाशी वाकून, तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “आजोबा, लघवीची गोळी चालू आहे का?” आजोबांना राग आला. “डोळे दाखवायला आलोय मी.” पण प्रश्न बरोबर होता. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी बुबुळ ढिलं पडतं, बाहुली नीट मोठी होत नाही, आणि पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं असलं तर ते डॉक्टरांना आधी कळलेलं बरं असतं.

अर्ध्या तासाने बॅटरी मारून बघितलं तर माझी बाहुली अजून अर्धीच. “काळे डोळे आहेत, वेळ लागतो. त्यात शुगर.” चौथा थेंब.

एव्हाना मी सिस्टरना विचारून विचारून बरंच काढून घेतलं होतं, आणि ते मला आमच्या धंद्याच्या भाषेत चटकन समजलं. बाहुली ही काही वस्तू नाही, ते भोक आहे. त्या भोकाभोवती बुबुळात गोल फिरलेला एक स्नायू असतो, म्हणजे परकराच्या नेफ्यातली नाडी. उजेड आला की नाडी आवळते. डॉक्टरला आत बघायचं तर उजेड टाकावाच लागतो, आणि उजेड टाकला की भोक आणखी बारीक होतं. काजातून डोकावून अख्खी खोली बघायला सांगितल्यासारखं. म्हणून एका औषधाने नाडी सैल करायची, आणि दुसऱ्याने नेफ्यापासून घेराकडे जाणारे उभे धागे बाहेरच्या बाजूला ओढून धरायचे. एरवी उजेडात तीनेक मिलिमीटर असणारी बाहुली सात-आठ मिलिमीटर होते. पण नाडी सैल करणारं औषध तिथेच थांबत नाही. जवळचं बघताना डोळ्यातलं भिंग फुगवणारा जो स्नायू असतो, तोही त्याने झोपतो. माझा अर्धा दिवस जातो तो इथे.

समोर एक चारेक वर्षांचं पोर होतं. त्याला थेंब नाहीत, घरीच तीन दिवस मलम घालून आणलेलं. त्याची आई सांगत होती की पोराचे डोळे आठवडाभर तरी असेच राहणार. लहान पोरांचा तो जवळचा स्नायू इतका जोरकस असतो की तो झोपवल्याशिवाय खरा नंबर हाती लागत नाही. मलम कसलं, तर ॲट्रोपिनचं. “म्हणजे आपल्या धोत्र्यात असतं तेच,” सिस्टर म्हणाल्या, आणि मी मिटल्या डोळ्यांनी एकदम तासगावजवळच्या आजोळी पोचले.

माझ्या मामीने एकदा द्राक्षबागेच्या बांधावरचा धोत्रा उपटला आणि त्याच हाताने घाम पुसला. संध्याकाळी दिव्याजवळ बसली तर एका डोळ्याची बाहुली हरभऱ्याएवढी आणि दुसऱ्याची नेहमीची. घरात रडारड. आजीने मीठ-मोहरी ओवाळली, मामाला वाटलं अर्धांगाचा झटका येतोय, मोटारसायकलवर मध्ये बसवून तिला रातोरात तासगावला नेलं. डॉक्टरांनी मामीचा हात हातात घेऊन वास घेतला आणि विचारलं, “आज शेतात काय उपटलं?” दोन-तीन दिवसांनी डोळा आपोआप उतरला. महाशिवरात्रीला धोत्र्याची फुलं काढून आलो की आजी आधी आम्हाला हौदावर पिटाळायची, हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू द्यायची नाही. ते का, हे मला त्या हॉलमध्ये बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

खरी तपासणी दहा मिनिटांचीही नव्हती. पाळीचं पाणी रात्री आलं की उसात जाणारी माणसं कपाळाला बॅटरी बांधतात, तशी मॅडमच्या कपाळाला होती. हातात दोन बोटांत धरलेलं जाड गोल भिंग. मला आडवं झोपवलं. “वर बघा. वर उजवीकडे. उजवीकडे. खाली उजवीकडे.” घड्याळाचा काटा फिरावा तशी नजर फिरवायची. दुखत काही नाही, पण उजेड असा आत येतो की कवटीच्या मागच्या भिंतीवर पडतोय असं वाटतं, आणि एरवी आपोआप आवळणारी नाडी आज काही केल्या आवळत नाही. दार सताड उघडं, आपण आत, आणि कडी लावता येत नाही. पाणी घळाघळा गालावरून कानात गेलं. मॅडम म्हणाल्या, या भिंगातून त्यांना पडदा उलटा दिसतो, वरचं खाली, डावं उजवीकडे, आणि सवयीने त्या तो मनात सरळ करतात. हे मला आवडलं. आम्हीही ब्लाऊज उलट्या बाजूनेच शिवतो.

संपल्यावर काही क्षण मॅडमचा चेहराच दिसेना, नुसता जांभळा गोळा.

मग पडद्याचा फोटो काढला आणि स्क्रीनवर दाखवला. मला दिसेना. दोन पावलं मागे सरकले तेव्हा जरा आकार आला. शेंदरी रंगाचा गोल, एका बाजूला फिकट पिवळी टिकली, तिथून शिरा फाकलेल्या. ती टिकली म्हणजे मेंदूकडे जाणारी नस. उजवा डोळा स्वच्छ. डाव्यात मॅडमनी पेनाने दाखवलं, एक, दोन, आणि इकडे हा तिसरा. शिवताना बोटाला सुई टोचते, आणि ते लक्षात यायच्या आत कापडावर जेवढा लाल ठिपका उमटतो, तेवढे. बारीक रक्तवाहिनीची भिंत साखरेने कमकुवत होऊन तिथे फुगते.

“पण मला दिसतंय चांगलं,” मी म्हटलं.

“मध्यभागाला काही होईपर्यंत चांगलंच दिसतं.”

आत्ता काही करायचं नाही, ही सुरुवात आहे, साखर आणि बीपी धरून ठेवा, सहा महिन्यांनी परत दाखवा. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर, HbA1c म्हणतात ती, 7.9 होती. मॅडमनी ती 7 च्या आसपास आणायला सांगितली. मी विचारलं, हे ठिपके कधीचे? त्या म्हणाल्या, “मागचा फोटो असता तर सांगता आलं असतं.” यावर मी काय बोलणार. मागच्या तीन चिठ्ठ्या माझ्याकडे होत्या, फोटो नव्हता.

निघताना सिस्टरनी बजावलं, की डोळा लाल होऊन खूप दुखायला लागला, डोकं ठणकलं, उलटी झाली, तर उद्याची वाट बघायची नाही, लगेच यायचं. बाकी चार-सहा तासांत उतरेल, काहींचं उद्यापर्यंत राहतं.

दुपारचा दीड, एप्रिल, विश्रामबागेचा रस्ता. दारातून पाऊल बाहेर टाकलं आणि परत आत घेतलं. ऊन डोळ्यांत ओतल्यासारखं आलं. समोरून चाललेल्या पोराचा पांढरा शर्ट इतका पेटलेला की त्याला डोकं आहे की नाही कळेना. गॉगल आणला नव्हता. ओढणी दुहेरी करून कपाळावरून खाली ओढली आणि जमीन बघत बस थांब्यापर्यंत गेले. लांबचं तसं चष्म्यातून दिसत होतं, बस ओळखू आली, पण प्रत्येक चकचकीत वस्तूला दाढी फुटलेली. कंडक्टरने सुट्टे दिले ते बोटाने चाचपून पर्समध्ये टाकले. घरी फोन लावायला मोबाइल काढला तर नावांच्या जागी मुंग्यांच्या रांगा. सासूबाईंना सांगायचं होतं की जेवून घ्या. तिसऱ्या प्रयत्नात फोन लागला तो फॉलवाल्या होलसेलरला. त्याला म्हटलं, मालाचं उद्या बोलू.

आता दुकानातलं. संध्याकाळी सहाला एका नवरीचा ब्लाऊज द्यायचा होता. राणी रंगाचा, जरीची बाही, मशीनकाम आदल्या रात्रीच झालेलं. उरलं होतं ते हुक, गळ्याची हातशिलाई आणि पाठीची लटकन. म्हणजे नेमकं तेच, जे आज जमणार नव्हतं. मी हिशेब केला होता तो दीड-दोन तासांचा, तपासणीचा. पुढच्या चार तासांचा नव्हता.

ट्यूबलाइटखाली बसून सुईत दोरा घालायला गेले. सुई आहे हे बोटांना कळत होतं, डोळ्यांना नाही. दोरा ओला केला, तिरका कापला, हात लांब केला, जवळ आणला. नेढं कुठेच नाही. नववीतली लेक शाळेतून आली, दप्तर टाकून पाच मिनिटं माझी गंमत बघत उभी राहिली आणि म्हणाली, “आई, चष्मा काढ की.”

“चष्म्यातून दिसंना, तर चष्मा काढून काय दिसणार?”

“काढून तर बघ. मी पांघरुणात मोबाइल बघताना काढतेच.”

पांघरुणातल्या मोबाइलचं नंतर बघू म्हटलं आणि चष्मा काढला. दीड वीत अंतरावर सुई उभी राहिली. नेढं दिसलं. अगदी रोजच्यासारखं नाही, कडेला जरा धूसर झालर, पण दोरा गेला. उणे पावणेतीनचा डोळा उघडा ठेवला तर साधारण तेवढ्याच अंतरावर त्याला आपोआप स्वच्छ दिसतं, त्यासाठी त्या झोपलेल्या स्नायूची गरजच पडत नाही. उणे नंबर नसलेल्याला ही सोय नाही, त्याने गुमान आराम करावा. तीन वर्षं मी ज्या अर्ध्या दिवसाला घाबरले, त्याचा उपाय माझ्याच नाकावरून उचलून टेबलावर ठेवायचा होता. दवाखान्यातल्या कुणालाही माझा नंबर बघून हे सांगायचं सुचलं नाही, याचा मला दोन दिवस राग होता.

हुक झाले, गळा झाला, लटकन लागली. सहाला नवरीची आई आली. ब्लाऊज घेऊन दारातल्या उजेडात गेली, उलटा करून बघितला. “ताई, दोरा जरा वेगळा वाटतोय का ओ?”

मला वाटत नव्हता. मी लेकीकडे बघितलं. “डाळिंबी आहे,” ती म्हणाली. रिळांच्या डब्यात राणी आणि डाळिंबी शेजारी शेजारी असतात. वीस वर्षांत माझा हात तिथे चुकलेला नाही, पण त्या दुपारी सगळेच रंग दुधात बुडवून काढल्यासारखे दिसत होते. थेंबांचा दोष किती आणि घाईचा किती, सांगता येणार नाही. बाई भल्या होत्या, म्हणाल्या राहू दे, आतल्या बाजूला कोण बघतंय. पण हळद उद्या संध्याकाळी होती आणि मला झोप लागली नसती. सकाळी नऊला देते म्हटलं.

रात्री दहाला आरशासमोर उभी राहिले. ट्यूब बंद केली, लावली, बंद केली, लावली. उजव्या बाहुलीची कड किंचित आत सरकली, डावी अजून ढिम्म. सासूबाईंनी आतून विचारलं, लाइट का फडफडतीय. पहाटे साडेपाचला उठून पुन्हा तेच केलं, तर दोन्ही नाड्या एकदम आवळल्या, पूर्वीसारख्या. चष्मा चढवला, डाळिंबी टाके उसवले, राणीचं रीळ खिडकीशी नेऊन तीनदा बघितलं आणि गळा परत घातला. नऊला ब्लाऊज गेला, दहाच्या बसने मी स्कूटी आणायला विश्रामबागेत गेले. सीटवर चिमणीने घाण केली होती, बाकी ठीक.

तिथेच काउंटरवर पुढची तारीख घेतली. सहा महिने मोजले तर ऐन नवरात्र-दिवाळीची गर्दी. मुलीला म्हटलं, पंधरा दिवस अलीकडे घे, पितृपंधरवड्यात. त्या दिवसांत नवीन कापडाला कात्री लावायला कुणी येत नाही.

“कुठला वार देऊ?”

“कुठलाही दे. आणि माझ्या नावापुढे लिहून ठेव, गाडी आणू नका म्हणून आदल्या दिवशी फोन करायचा.”

तिने लिहिलं की नाही ते दिसलं नाही, वही तिच्या बाजूला होती.